पंधरा वर्षे की सोळा?

‘आपली बी.कॉम. तिकडे चालते का हो?’ हा प्रश्न अलीकडे आम्हांस शाळेच्या कचेरीत जितका विचारला जातो, तितकाच मंगल कार्यालयातील पंगतीतही विचारला जातो. विचारणारे गृहस्थ बहुधा पन्नाशीच्या आसपासचे असतात. मुलाने वा मुलीने येथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची पदवी घेतलेली असते, अलकापुरीतल्या एखाद्या सल्लागाराकडे दोन-तीन फेऱ्या झालेल्या असतात, आणि तेथे कानावर पडलेल्या परस्परविरोधी गोष्टींनी घरातल्या सर्वांचीच झोप उडालेली असते. एक म्हणतो, आपली तीन वर्षांची पदवी अमेरिकेत अर्धवट समजतात. दुसरा म्हणतो, आमच्या शेजारच्या मुलाची अगदी तीच पदवी तेथल्या एका विद्यापीठाने विनातक्रार स्वीकारली. दोघेही खरेच बोलत असतात.

‘चालणे’ हे क्रियापद आपण नाण्याला लावतो, आणि पदवीच्या बाबतीत ते फारच समर्पक आहे. बडोदे संस्थानात विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बाबाशाही रुपया चालत असे. तो चांदीचाच होता. तथापि संस्थानाची हद्द ओलांडून इंग्रजी मुलखात खरेदीला जाणाऱ्यास सराफाकडे बट्टा देऊनच तो बदलून घ्यावा लागे. बट्टा किती, हे रुपया पाडणारा ठरवीत नसे. रुपया घेणारा ठरवी. पदव्यांचेही तसेच आहे. पदवी देते एक विद्यापीठ, आणि तिचे मोल ठरवते दुसरे विद्यापीठ, दुसरे सरकार किंवा दुसरा मालक. प्रत्येकाची तराजू निराळी, कारण प्रत्येकाची गरज निराळी.

हे आजचेच आहे असे मात्र कोणी समजू नये. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतलेल्या दोन थोर मराठी पुरुषांची उदाहरणे वाचकांना परिचित आहेत. ती या दृष्टीने शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे पुण्याच्या फर्गसन कॉलेजातून बी.एस्सी. होऊन केंब्रिजला गेले. तेथे त्यांना पदवीधर म्हणून वरच्या पायरीवर कोणी बसविले नाही. ते पुन्हा पदवीच्याच परीक्षेला, म्हणजे गणिताच्या ट्रायपॉसला बसले, आणि १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. पुढे भीमराव रामजी आंबेडकर हे १९१२ साली त्याच मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले आणि १९१३ साली सयाजीराव महाराजांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. कोलंबिया विद्यापीठाने त्यांना थेट पदव्युत्तर वर्गात घेतले व १९१५ साली ते एम.ए. झाले. विद्यापीठ एकच, आणि दोन देशांत दोन न्याय! यात परांजप्यांच्या विद्वत्तेला कमीपणा आला नाही, की मुंबईच्या पदवीत पंधरा-वीस वर्षांत काही जादू घडली नाही. घेणारा बदलला, इतकेच.

उलट दिशेचे उदाहरणही आपल्या गावातच आहे. अरविंद घोष केंब्रिजच्या ट्रायपॉसचा पहिला भाग प्रथम वर्गात उत्तीर्ण झाले, परंतु पदवी न घेताच १८९३ साली बडोद्यास आले आणि पुढे बडोदा कॉलेजात फ्रेंच व इंग्रजीचे प्राध्यापक झाले. पदवीच्या कागदावाचून संस्थानाचे काही अडले नाही. कागद असूनही माणसाचे अडू शकते, हेही याच नगरीने पाहिले आहे. कोलंबियाचे एम.ए. होऊन, शिष्यवृत्तीच्या करारानुसार संस्थानाची नोकरी करण्यास १९१७ साली बडोद्यात आलेल्या आंबेडकरांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले, आणि तेथूनही त्यांना हाकलण्यात आले. त्या बट्ट्याचा विषय या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. परंतु पदव्यांच्या मोलाविषयी बडोद्यात बसून लिहिताना तो डोळ्यांआड करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आता मूळ गणिताकडे वळू. जुन्या पिढीतील वाचकांना अकरावीची मॅट्रिक आठवत असेल. अकरा वर्षे शाळा, मग इंटरपर्यंत दोन वर्षे, मग बी.ए.ची दोन वर्षे, एकूण पंधरा. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात सुचविलेली आणि १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने स्वीकारलेली १०+२+३ ही रचना सत्तरच्या दशकात महाराष्ट्रात व गुजरातेत आली. तिचीही बेरीज पंधराच. म्हणजे एकूण शिक्षणात एका दिवसाचीही घट झाली नाही. फक्त एक वर्ष कॉलेजच्या खात्यातून शाळेच्या खात्यात गेले. आपल्याला त्याचे काही वाटले नाही. पण अमेरिकेत हिशेब कॉलेजच्या वर्षांचा होतो. तेथे बारा वर्षे शाळा आणि चार वर्षे पदवी, एकूण सोळा. साठच्या दशकात येथून गेलेला पदवीधर आपली ‘मॅट्रिकनंतरची चार वर्षे’ दाखवी, आणि वरवर तरी ती तेथल्या चारांशी जुळत. १०+२+३ नंतर गेलेल्या त्याच्या पुतण्याने दाखविली ती तीन! काकांइतकेच शिकून पुतण्या एक वर्षाने अपुरा ठरला.

यात एक गंमत आहे. पुण्यातली आपली भाची अकरावीत गेली की ‘मी कॉलेजला जाते’ असे सांगते, कारण महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे वर्ग कनिष्ठ महाविद्यालय म्हणून ओळखले जातात. तीच इयत्ता आपल्याकडे गुजरातेत उच्चतर माध्यमिक शाळेत भरते. मुले गणवेश घालतात आणि प्रार्थनेला उभी राहतात. परदेशातील मूल्यमापकाला या भेदाशी कर्तव्य नाही. त्याच्या लेखी दोन्ही शाळाच.

इंग्लंडमध्येही पदवी तीन वर्षांचीच आहे. मग तिला कोणी अपुरी का म्हणत नाही? कारण तेथील शाळा तेरा वर्षांची आहे. पाच वर्षांचे मूल पहिल्या वर्षाच्या वर्गात जाते, सोळाव्या वर्षी जी.सी.एस.ई. देते, आणि तेरावे वर्ष संपताना ए-लेव्हल. तेरा अधिक तीन, पुन्हा सोळा. म्हणूनच आपल्या बारावीच्या विद्यार्थ्याला तेथली काही विद्यापीठे थेट पहिल्या वर्षात घेतात, तर काही आधी एक पायाभूत वर्ष करावयास सांगतात. बोर्डाबोर्डांतही भेद करतात. जर्मनीत आपल्या नुसत्या बारावीवर पदवीच्या पहिल्या वर्षात सहसा प्रवेश मिळत नाही. भारतातील विद्यापीठात एक वर्ष यशस्वीपणे काढावे लागते, किंवा तेथील स्टुडिएनकोलेग नावाच्या पूर्वतयारीच्या संस्थेत शिकून परीक्षा द्यावी लागते, आय.आय.टी.च्या प्रवेशाची जे.ई.ई. अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण झालेल्यांस त्यातून वाट मिळते. हे ‘गहाळ वर्ष’ कुटुंबाला फार महाग पडते. परदेशातील एका जादा वर्षाची फी, राहणे आणि जेवण यांसाठी रावपुऱ्यातले वडिलोपार्जित घर गहाण पडल्याची उदाहरणे आमच्या माहितीत आहेत.

मात्र अमेरिकेची भूमिकाही पूर्वीइतकी ताठर राहिलेली नाही. १९९९ च्या बोलोन्या घोषणेनंतर युरोपातील बहुतेक देशांनी तीन वर्षांची पहिली पदवी स्वीकारली, आणि युरोपच्या तीन वर्षांना हो म्हणून भारताच्या तीन वर्षांना नाही म्हणणे कठीण झाले. आता काही विद्यापीठे सरळ स्वीकारतात, काही मूल्यमापन संस्था विद्यापीठाचे नॅक मानांकन आणि विद्यार्थ्याला मिळालेला वर्ग पाहून निर्णय देतात, काही बी.ए.वर एम.ए. असेल तरच पदवी पूर्ण मानतात. म्हणून पंगतीतले दोघे गृहस्थ एकाच वेळी खरे ठरतात. कॅनडात स्थायिक होण्यासाठी जे शैक्षणिक मूल्यमापन करून घ्यावे लागते, त्यात आपली पदवी ‘तीन वर्षांची पदवी’ अशीच नोंदली जाते. तेवढ्याने काम थांबत नाही, पण चार वर्षांच्या पदवीची बरोबरी लिहून मिळत नाही. त्या अहवालाची मुदत पाच वर्षांची असते, हेही ध्यानात ठेवावे. आधीच घाई करून तो काढून ठेवण्यात शहाणपण नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची वाट उघडली, आणि गुजरातेतील विद्यापीठांत २०२३-२४ पासून ही रचना लागू झाली. तिसऱ्या वर्षाअखेर पदवी घेऊन बाहेर पडता येते, किंवा चौथे वर्ष करता येते. या निवडीविषयी पालक आमचे मत विचारतात. ज्याला येथेच बँकेत वा दुकानात लागायचे आहे, स्पर्धा परीक्षा द्यायच्या आहेत, त्याने चौथ्या वर्षासाठी घरच्यांचा खर्च वाढवू नये असे आम्हांस वाटते. ज्याला अमेरिकेतच पुढे शिकावयाचे आहे, त्याच्यासाठी मात्र बडोद्यात घरी राहून, आईच्या हातचे खाऊन केलेले चौथे वर्ष परदेशातल्या जादा वर्षाच्या मानाने कितीतरी स्वस्त आहे.

वर्षांनंतर गुणांचा प्रश्न. आपल्याकडे साठ टक्क्यांना प्रथम वर्ग मिळतो आणि पेढे वाटले जातात. इंग्लंडमध्ये प्रथम वर्ग सत्तरापासून सुरू होतो, आणि आपल्या साठांना तेथील पुष्कळ विद्यापीठे द्वितीय वर्गाच्या वरच्या श्रेणीशी जुळवतात. अमेरिकेतील काही मूल्यमापन संस्था हेच साठ टक्के थेट ‘ए’ श्रेणीत बसवितात. जर्मनीत तर सूत्रच आहे, आणि त्याला बव्हेरियाचे नाव आहे. तेथे उत्तम श्रेणी १ आणि उत्तीर्णतेची शेवटची श्रेणी ४. सर्वोच्च गुणांतून मिळालेले गुण वजा करावेत. सर्वोच्च गुणांतून उत्तीर्णतेचे किमान गुण वजा करावेत. पहिल्या वजाबाकीला दुसरीने भागून तिनाने गुणावे आणि त्यात एक मिळवावा. साठ टक्के मिळाले आणि उत्तीर्णतेची मर्यादा चाळीस असेल, तर उत्तर येते ३. पुष्कळ अभ्यासक्रमांना २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी लागते. म्हणजे आपला प्रथम वर्ग दारातच अडतो. आता गंमत पाहा. तेच साठ टक्के, पण विद्यापीठाची उत्तीर्णतेची मर्यादा पस्तीस असेल, तर उत्तर २.८ येते. ज्या विद्यापीठाने उत्तीर्ण होणे सोपे केले, त्याच्या विद्यार्थ्याला लाभ! सूत्र कसे चालते ते ठाऊक असले की निदान गुणपत्रिकेच्या मागील बाजूस छापलेली उत्तीर्णतेची मर्यादा किती मोलाची आहे हे कळते. पालक अर्जासोबत पुढचीच बाजू झेरॉक्स करून जोडतात. भारतातून जर्मनीला शिकायला जाणाऱ्यांस १ नोव्हेंबर २०२२ पासून ए.पी.एस. या कार्यालयाकडून कागदपत्रे तपासून घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते, आणि तेथे असल्या त्रुटींवर बोट ठेवले जाते.

समकक्षता आणि व्यवसायाचा परवाना या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे तर आम्ही शक्य तितक्या मोठ्याने सांगू इच्छितो. २१ जुलै २०२२ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यात शैक्षणिक अर्हतांच्या परस्पर मान्यतेचा सामंजस्य करार झाला. मार्च २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशीही तशीच व्यवस्था झाली. वर्तमानपत्रांतील मथळे वाचून अनेकांची समजूत झाली की आता येथील नर्स तेथे नर्स आणि येथील वकील तेथे वकील. ब्रिटनशी झालेल्या करारातून वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र, कायदा, वास्तुशास्त्र, अभियांत्रिकी या व्यावसायिक पदव्या वगळलेल्या आहेत. तेथे त्या त्या व्यवसायाच्या मंडळाची परीक्षा आणि नोंदणी अटळ आहे. अमेरिकेत नर्स होऊ इच्छिणारीला एन.सी.एल.ई.एक्स. द्यावीच लागते. आणि आपणही काही कमी कडक नाही: बहुतेक परदेशांतून एम.बी.बी.एस.च्या तोडीची पदवी घेऊन आलेल्या मुलाला येथे २००२ पासून चाळणी परीक्षा द्यावी लागते. घरदार विकून मुलाला परदेशी वैद्यक महाविद्यालयात पाठविण्यापूर्वी या परीक्षेची चौकशी न करणारे पालक आजही भेटतात, याचे आम्हांस नवल वाटते.

बट्टा केवळ परकेच लावतात असेही नाही. इंग्लंडमध्ये एम.ए. एका वर्षात होते. आपल्याकडे ते दोन वर्षांचे, म्हणून तिकडून एम.ए. होऊन आलेल्या मुलीला येथे प्राध्यापकाच्या जागेसाठी अर्ज करताना अडचण येई. २०२२ च्या करारातील महत्त्वाचा भाग हाच, की भारताने ब्रिटनच्या त्या एका वर्षाच्या पदवीला मान्यता दिली. परतणाऱ्यांच्या कागदपत्रांचे काम पूर्वी असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज ही संस्था पाहत असे. १९२५ साली इंटर-युनिव्हर्सिटी बोर्ड या नावाने ती स्थापन झाली होती. एप्रिल २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी अर्हतांच्या समकक्षतेसाठी स्वतःचे विनियम अधिसूचित केले. त्यांत दोन गोष्टी सर्वसामान्य कुटुंबाच्या उपयोगाच्या आहेत. परदेशातील शालेय प्रमाणपत्राला आपल्या बारावीची बरोबरी हवी असेल, तर शाळेची किमान बारा वर्षे पूर्ण झालेली असावीत. आणि मूळ विद्यापीठाने दुसऱ्या कोणा संस्थेस आपले नाव वापरू देऊन, फ्रँचाइझीच्या पद्धतीने दिलेली पदवी मान्य होणार नाही. झगमगीत दुकानात ‘परदेशी पदवी घरबसल्या गावातच’ अशी पाटी दिसली, की हा नियम आठवावा.

उरला आमच्या कचेरीतला विषय, म्हणजे नाव. अर्ज फेटाळले जाण्याच्या कारणांत गुणांपेक्षा नावांच्या तफावतीचे प्रताप आम्ही अधिक पाहिले आहेत. गुजरातेतील मराठी कुटुंबांची यात विशेष पंचाईत आहे. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. परदेशातील कारकून पहिला शब्द हाच पाळण्यातला समजतो आणि मुलीला वडिलांच्या नावाने पत्रे येऊ लागतात. समजा, वडिलांचे नाव दत्तात्रय. शाळेच्या वयपत्रकात नोंद करणाऱ्या गुजराती बांधवाने आदराने लिहिले दत्तात्रयभाई. पासपोर्टवर नुसते दत्तात्रय. आपल्याला कळते की माणूस एकच आहे. टोरांटोच्या खिडकीवरल्या बाईंना ‘भाई’ म्हणजे काय हे ठाऊक असण्याचे कारण नाही. मुलाचे नाव ज्ञानेश्वर असेल तर संकट दुप्पट. मराठी माणूस इंग्रजीत ते ‘डी-एन’ने सुरू करतो, गुजराती कारकून ‘जी-एन’ने, आणि हिंदी भाषक ‘जी-वाय’ने. आम्ही एकाच मुलाच्या तीन कागदांवर हे तिन्ही प्रकार पाहिले आहेत. लग्न झालेल्या मुलींचा प्रश्न याहून बिकट. आपल्यात आडनावाबरोबर कित्येकदा नावही बदलण्याची रीत; मग माहेरच्या नावाची पदवी आणि सासरच्या नावाचा पासपोर्ट यांची सांगड घालण्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, आणि कधी कधी गॅझेटातील जाहिरात जोडावी लागते.

विद्यार्थी शाळेत असेतोवर चूक सुधारणे त्या मानाने सोपे असते. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हाती पडला, की वयपत्रकातील नोंद बदलण्यासाठी जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीपर्यंत जावे लागते. पुढे बोर्डाची गुणपत्रिका, मग विद्यापीठाची, असा एकेक जिना चढावा लागतो. कित्येकांना हे ऐन व्हिसाच्या तारखेला समजते. तेव्हा नववीत असलेल्या मुलामुलींच्या पालकांना आमची विनंती आहे की त्यांनी जन्मदाखला, आधार आणि पासपोर्ट असल्यास पासपोर्ट घेऊन एकदा शाळेत यावे, वयपत्रकातील नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, आणि इंग्रजी हिज्जे अक्षरशः जुळवून घ्यावेत. दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना शाळा पडताळणीसाठी नावांची यादी देते. तीवर सही मुलाने घरी न दाखविताच करू नये.